अमेरिकेत थेरपिस्ट व्हायचंय? आधी राज्य ठरवा, विद्यापीठ नंतर

मेलवर आलेला एक प्रश्न थोडक्यात असा : पुण्यातून मानसशास्त्रात एमए, नंतर दोन वर्षं एका शाळेत समुपदेशक म्हणून नोकरी. लग्नानंतर मुक्काम टेक्सासमधल्या डॅलसजवळ, व्हिसा एच-४ (नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला), आणि नवऱ्याची नोकरी पुढेमागे कॅलिफोर्नियाला जाण्याची शक्यता. भारतातल्या डिग्रीवर इथे थेरपिस्ट म्हणून काम करता येईल का, की पुन्हा शिकावं लागेल? आणि शिकायचंच असेल तर मास्टर्स करावी की एकदम पीएचडी?

मी कॅलिफोर्नियात लायसन्सवर काम करते आणि बरीच वर्षं नव्या असोसिएट मंडळींना, म्हणजे डिग्री झालेल्या पण लायसन्ससाठी देखरेखीखाली तास भरणाऱ्यांना, सुपरव्हाइझ करते आहे. त्यात भारतातून आलेल्या मुली पुष्कळ असतात, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. आधी उत्तर सांगून टाकते. आहे त्या एमएवर थेट लायसन्स मिळेल अशी आशा धरू नका. इथली दुसरी मास्टर्स करावी लागेल असं गृहीत धरूनच हिशोब मांडा. पीएचडीचा विचार संशोधनाची किंवा मानसशास्त्रीय चाचण्यांची खरी ओढ असेल तरच करा. थेरपी करण्यासाठी तिची गरज नाही. आणि कुठल्याही विद्यापीठाचा फॉर्म भरण्याआधी टेक्सास आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांच्या बोर्डाचे लायसन्सचे अर्ज डाउनलोड करून शेवटच्या पानापासून उलटे वाचत या. आपल्याकडे आधी कॉलेज, मग डिग्री, मग 'बघू पुढे काय ते' असा क्रम असतो. इथे त्या क्रमाने गेलात तर दोन वर्षं आणि बराच पैसा खर्चून हातात अशी डिग्री येऊ शकते, जी शेजारच्या राज्यात चालत नाही.

असं का, तर अमेरिकेत थेरपिस्टला परवाना देणारी केंद्रीय संस्थाच नाही. व्यवसायाचे परवाने देणं हा राज्यांचा अधिकार आहे. डॉक्टरांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने तो १८८९ मध्येच मान्य केला होता. त्यामुळे काउन्सेलरचं लायसन्स ही एकेका राज्याने आपापल्या गतीने उभी केलेली गोष्ट आहे. व्हर्जिनियाने १९७६ मध्ये सुरुवात केली, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा व्हायला २००९ उजाडलं. मधल्या ३३ वर्षांत प्रत्येकाने आपलं नाव, आपले तास आणि आपली परीक्षा ठरवली. टेक्सासमध्ये तुम्ही एलपीसी (लायसन्स्ड प्रोफेशनल काउन्सेलर) असाल, कॅलिफोर्नियात एलपीसीसी, न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात एलएमएचसी, मेरीलँड आणि इलिनॉयमध्ये एलसीपीसी. काम तेच. आपल्या मंडळींचा पहिला गोंधळ इथेच होतो : वेगवेगळी आद्याक्षरं बघून ते वेगवेगळे व्यवसाय समजतात, आणि खरोखर वेगळे असलेले व्यवसाय मात्र एकच समजतात.

खरोखर वेगळे म्हणजे हे. मास्टर्सनंतर स्वतंत्रपणे थेरपी करता येईल असे मुख्य रस्ते तीन. एक काउन्सेलिंगचा, म्हणजे वर सांगितलेली एलपीसी आणि तिची भावंडं. दुसरा मॅरेज अँड फॅमिली थेरपीचा, एलएमएफटी. नाव लग्नाचं असलं तरी ही मंडळी एकट्या क्लाएंटबरोबरही तितकंच काम करतात, आणि कॅलिफोर्नियात हे लायसन्स १९६३ पासून असल्यामुळे तिथे त्याचं प्रस्थ मोठं आहे. तिसरा सोशल वर्कचा, एलसीएसडब्ल्यू. सायकॉलॉजिस्ट हा चौथा आणि वेगळाच रस्ता, त्याला डॉक्टरेट लागते. म्हणून एक गोष्ट आत्तापासून सांभाळा : एमए झालंय म्हणून लिंक्डइनवर स्वतःला 'सायकॉलॉजिस्ट' लिहू नका. भारतात ते सर्रास चालतं. इथे बहुतेक राज्यांत ती पदवी कायद्याने राखीव आहे, आणि लायसन्सचा अर्ज तपासताना बोर्डाला असलं काही दिसलं तर उगीच खुलासे देत बसावे लागतात.

शाळेतला समुपदेशक हा आणखी निराळा विषय. त्याचं प्रमाणपत्र थेरपीचं बोर्ड देत नाही, शिक्षणखात्याकडची यंत्रणा देते. तुमचा शाळेतला अनुभव प्रवेशाच्या निबंधात उत्तम दिसेल, पण लायसन्सच्या तासांत त्यातला एकही तास धरला जाणार नाही.

आता तुमच्या एमएचं काय होतं ते बघू. भारतातल्या डिग्रीचं आधी मूल्यांकन करून घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियाला ते नॅसेसच्या, म्हणजे असं मूल्यांकन करणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या, सदस्य संस्थेकडूनच चालतं. त्या अहवालात 'अमेरिकेतल्या मास्टर्सशी समकक्ष' असं छान वाक्य येतं आणि लोक पेढे वाटतात. पण बोर्ड त्या वाक्यापाशी थांबत नाही. त्यांना आतले विषय हवे असतात, आणि विषयांपेक्षाही प्रत्यक्ष क्लाएंटबरोबर देखरेखीखाली काढलेले तास. आपल्या एमएत व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, संख्याशास्त्र, मनोविकृतीशास्त्र भरपूर असतं. इथल्या काउन्सेलिंगच्या मास्टर्समध्ये ६० सेमिस्टर क्रेडिट असतात, आणि त्यात व्यवसायाची नीती आणि कायदा, करिअर समुपदेशन, गटाबरोबरचं काम, मूल्यमापन, संस्कृती आणि विविधता, आयुष्यभराचा विकास हे सगळे वेगवेगळे कोर्स म्हणून दिसावे लागतात. शिवाय प्रॅक्टिकम (क्लाएंटबरोबरच्या कामाचा पहिला सराव) आणि इंटर्नशिप. केकरेप ही १९८१ पासूनची संस्था काउन्सेलिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिच्या नियमाप्रमाणे प्रॅक्टिकमचे १०० तास, त्यातले ४० थेट क्लाएंटसमोर. इंटर्नशिपचे ६००, त्यातले २४० थेट. आपल्या एमएमधली हॉस्पिटलची इंटर्नशिप बहुधा निरीक्षणाची असते, आणि दर आठवड्याला सुपरव्हिजन झाल्याचं कागदावर काहीच नसतं.

तरीही मूल्यांकन करून घ्याच. काही विद्यापीठं त्याच्या आधारे थोडी क्रेडिट माफ करतात, आणि प्रवेशाला ते लागतंच. त्यासाठी भारतातून काय आणायचं ते नीट ऐका, कारण इथे बसून ते मिळवणं म्हणजे छळ असतो. नुसत्या मार्कशीट पुरत नाहीत. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट हवी, बंद आणि शिक्का मारलेल्या पाकिटात किंवा विद्यापीठाने थेट पाठवलेली. तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्या वर्षाचा अभ्यासक्रम, पानापानावर विभागाचा शिक्का मारून घ्या. नवा पॅटर्न आल्यावर जुना सिलॅबस वेबसाइटवरून गायब होतो. आणि विभागप्रमुखांचं एक पत्र, ज्यात प्रात्यक्षिकाचे तास, जागा आणि देखरेख कोणी केली ते आकड्यांत लिहिलेलं असेल. 'समाधानकारकरीत्या पूर्ण केले' या वाक्याचा इथे काही उपयोग होत नाही. सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा एक दिवस यासाठी काढा, आणि जाण्याआधी फोन करून विभागप्रमुख रजेवर नाहीत ना ते विचारा.

इथे एक अपवाद सांगते, तुम्हाला लागू नसला तरी वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असेल. भारतातून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, केलेल्यांचा रस्ता बराच जवळचा आहे. मुंबईचं टिस हे १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा म्हणूनच सुरू झालं. तिथे, निर्मला निकेतनमध्ये किंवा पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकलेल्यांच्या अभ्यासक्रमात फील्डवर्क हा कणाच असतो. इथली सोशल वर्क शिक्षणाची परिषद, सीएसडब्ल्यूई, परदेशी एमएसडब्ल्यू तपासून समकक्ष आहे की नाही ते ठरवणारी स्वतःची सेवा चालवते. तिने होकार दिला तर पुष्कळ राज्यांत दुसरी मास्टर्स न करता परीक्षेला आणि पुढच्या देखरेखीच्या कामाला लागता येतं. शेवटचा शब्द राज्याच्या बोर्डाचाच, पण दार तरी उघडं असतं. एमए सायकॉलॉजीवाल्यांसाठी असं तयार दार कोणी ठेवलेलं नाही. एमफिल क्लिनिकल आणि आरसीआयची (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी असलेल्यांना हे ऐकून राग येतो, आणि मला तो कळतो. १९९२ च्या कायद्याखाली आरसीआयने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी सांभाळली, पण इथल्या बोर्डाच्या लेखी ती परदेशातली नोंद एवढीच. अनुभव म्हणून नोकरीच्या मुलाखतीत तिचं वजन पडतं, लायसन्समध्ये नाही.

तर विद्यापीठ. पहिली चाळणी केकरेपची. कॅलिफोर्निया तिचा आग्रह धरत नाही, त्यामुळे तिथे केकरेप नसलेले पुष्कळ चांगले कार्यक्रम आहेत. पण ओहायोसारख्या राज्याने २०१८ पासून ती सक्तीची केली आहे, आणि इतर राज्यंही त्या दिशेला सरकताहेत. ज्यांचं घर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीबरोबर फिरतं, त्यांनी केकरेपवाला कार्यक्रमच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. महाग वाटला तरी. दुसरी चाळणी कोणी सांगत नाही ती : आपला अभ्यासक्रम कोणकोणत्या राज्यांच्या लायसन्सच्या अटी पुऱ्या करतो हे जाहीर करणं विद्यापीठांना केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. वेबसाइटवर 'प्रोफेशनल लायसेन्शर डिस्क्लोजर' असं शोधा. राज्यांची यादी मिळेल. टेक्सास आणि कॅलिफोर्निया या दोन्हींपुढे काय लिहिलंय ते बघा. 'ठरवलेलं नाही' असं दिसलं तर त्याचा अर्थ 'नाही' असा घ्या. ऑनलाइन कार्यक्रमांच्या बाबतीत हे दुप्पट काळजीने करा. केकरेपची मान्यता असलेले ऑनलाइन कार्यक्रम आहेत आणि ते चालतात, पण इंटर्नशिपची जागा तुमच्या गावात तुम्हालाच शोधावी लागते. नव्या शहरात, ओळखीपाळखी नसताना हे सोपं नसतं.

व्हिसाचं गणित मी मुद्दाम वेगळं काढते, कारण आपल्या मुलींचं घोडं इथेच अडतं. एच-४ वर शिकता येतं, त्यात अडचण नाही. अडचण इंटर्नशिपपासून सुरू होते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी, सीपीटी, मिळते आणि डिग्रीनंतर १२ महिने काम करण्याची, ओपीटी. मेंटल हेल्थ काउन्सेलिंग हा विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित अशा विषयांच्या) यादीत नाही, त्यामुळे इंजिनीअर मंडळींना मिळणारी पुढची २४ महिन्यांची वाढ विसरा. आणि डिग्रीनंतरचे देखरेखीचे तास पुरे व्हायला पूर्ण वेळ केलं तरी साधारण दोन वर्षं लागतात. म्हणजे ओपीटी अर्ध्या वाटेत संपते, आणि तिथून पुढे एच-१बी देणारी संस्था शोधावी लागते. छोट्या काउन्सेलिंग सेंटरांना ते परवडत नाही. मोठी हॉस्पिटलं, विद्यापीठांशी जोडलेल्या संस्था कधीकधी करतात. एच-४ वर राहिलात तर नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी त्याच्या कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर ईएडी, म्हणजे काम करण्याचं परवानापत्र, मिळू शकतं. २०१५ पासूनची ही सोय आहे, आणि तुमच्यासारख्यांचा सगळा बेत तिच्याभोवती फिरतो. म्हणून आय-१४० कुठवर आलंय हा प्रश्न आज संध्याकाळी जेवताना विचारा, आणि डिग्री संपेल त्या सुमाराला ईएडी हातात येईल असा बेत जमतो का ते पाहा. बिनपगारी इंटर्नशिपही ईएडीशिवाय करावी की नाही, याचं उत्तर फेसबुक ग्रुपवर शोधू नका. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय आणि इमिग्रेशनचा वकील यांच्याकडून लेखी घ्या. मी थेरपिस्ट आहे, वकील नाही, पण या एका गोष्टीपायी ग्रीन कार्डाच्या रांगेला धक्का लागू नये एवढं मला कळतं.

डिग्री झाली की तुम्ही असोसिएट होता. टेक्सासमध्ये एलपीसी असोसिएट, कॅलिफोर्नियात एपीसीसी. दोन्हीकडे ३,००० तास, पण ते आतून वेगळे आहेत : टेक्सासला त्यातले १,५०० थेट क्लाएंटसमोरचे हवेत आणि किमान १८ महिने, कॅलिफोर्नियाला १,७५० आणि किमान १०४ आठवडे. मॅसॅच्युसेट्सचा एकूण आकडा ३,३६० आहे, पण थेट तास ९६० च. नुसता मोठा आकडा बघून घाबरू नका, आणि छोटा बघून हुरळूही नका.

या टप्प्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण माणसं गळतात ती इथेच. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेते. असोसिएटकडे आठवड्याची एक नोंदवही असते. डाव्या बाजूला कामाचे प्रकार : वैयक्तिक थेरपी, जोडपी आणि कुटुंबं, गट, मग नोट्स लिहिणं, सुपरव्हिजन, कार्यशाळा. वर आठवड्याची तारीख, खाली सुपरव्हायजरची सही. शुक्रवारी संध्याकाळी माझ्यासमोर ती वही येते आणि मी पेन घेऊन बसते. क्लाएंट आलाच नाही, तुम्ही पाऊण तास वाट बघितली : तो थेट तास नाही. आईशी फोनवर अपॉइंटमेंटची वेळ ठरवली : नाही. आठवड्यात ४४ तास काम झालं : ४० च्या वर धरत नाहीत. दर आठवड्याला, प्रत्येक कामाच्या जागी, एक तास वैयक्तिक किंवा दोन तास गटातली सुपरव्हिजन झालीच पाहिजे; थेट काम दहा तासांवर गेलं तर पुन्हा तेवढीच. एखाद्या आठवड्यात सुपरव्हायजर आजारी पडला आणि कोणी बदली नेमला नाही, तर त्या आठवड्याचे तुमचे सगळे तास वाया. क्लाएंटसाठी ते खरे असतात, बोर्डासाठी नसतात.

आणि सही ताबडतोब घ्यायची. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने आधीच्या नोकरीत वर्षभर वही लिहिली, सह्या मात्र 'शेवटी एकदम घेऊ' म्हणून ठेवल्या. सुपरव्हायजर बाई नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात गेल्या. मग ईमेल, फोन, आर्जवं. शेवटी सह्या मिळाल्या, पण काही आठवड्यांच्या बाबतीत त्यांनी 'मला आठवत नाही' म्हटलं, आणि त्यांचं चूक होतं असंही म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियात आणखी एक घड्याळ चालू असतं : लायसन्सचा अर्ज कराल त्याच्या मागच्या सहा वर्षांतलेच तास धरतात. मध्ये बाळंतपण, घर बदलणं, भारतात आईचं आजारपण असं झालं की सुरुवातीचे तास मागच्या दाराने निसटायला लागतात.

नोकरी घेताना पगाराचा फॉर्म कोणता ते विचारा. कॅलिफोर्नियात असोसिएटला डब्ल्यू-२ वरचा, म्हणजे पगारी, कर्मचारी किंवा स्वयंसेवक म्हणूनच तास मिळवता येतात. कोणी '१०९९ वर (म्हणजे कंत्राटी) घेतो, हातात जास्त पैसे येतील' म्हणालं तर ते तास लायसन्ससाठी शून्य आहेत. टेक्सासमध्ये तुमच्या प्रत्येक जाहिरातीत, व्हिजिटिंग कार्डावरसुद्धा, सुपरव्हायजरचं नाव लागतं. काही असोसिएट सुपरव्हिजनसाठी खिशातून पैसे भरतात. ते बेकायदा नाही, पण आधीच तुटपुंज्या पगारातून हे जातं हे धरून चाला. या व्यवसायातली ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही. ज्यांच्या घरात दुसरा पगार आहे त्यांनाच हा रस्ता झेपतो, आणि मग थेरपिस्टची खुर्ची ठराविक घरांतल्या माणसांकडेच जाते.

परीक्षेबद्दल फार सांगत नाही, अभ्यास केला की होते. एवढंच लक्षात ठेवा : टेक्सासला एनसीई किंवा एनसीएमएचसीई यातली कुठलीही चालते. एनसीई म्हणजे २०० बहुपर्यायी प्रश्न, आपल्या पाठांतराच्या सवयीला सोयीची, म्हणून आपली मुलं तिकडे वळतात. कॅलिफोर्नियाला एनसीएमएचसीई लागते. तुमचं जाणं नक्की नसलं तरी टेक्सासमध्ये असतानाच एनसीएमएचसीई द्या. तिच्यात ११ केसेस येतात. क्लाएंटची पहिल्या भेटीची माहिती देतात, मग निदान, मग पुढच्या एखाद्या सेशनमध्ये काय घडलं ते सांगून 'आता तुम्ही काय कराल' असं विचारतात. भारतात शिकलेले उमेदवार निदानात पक्के असतात. मार खातात ते 'आता काय कराल' इथे, कारण पर्यायांमध्ये एक सुंदर सल्ला लिहिलेला असतो आणि त्यांचा हात तिकडे जातो. बरोबर उत्तर बहुतेक वेळा क्लाएंटच्या सुरक्षिततेची खात्री करून घेणं, किंवा आधी त्याचं म्हणणं पुरतं ऐकणं असं काहीतरी साधं असतं.

कॅलिफोर्नियाची कायदा आणि नीतीची परीक्षा वेगळी असते, आणि ती घोकंपट्टीने सुटत नाही. मुलाचा छळ होतोय असा रास्त संशय आला तर लगेच फोन आणि ३६ तासांत लेखी अहवाल. क्लाएंटने तिसऱ्या माणसाला इजा करण्याची गंभीर धमकी दिली तर त्या माणसाच्या संरक्षणाची जबाबदारी थेरपिस्टवर येते. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७६ च्या तारासॉफ निकालापासून हे चालत आलंय. आपल्या समाजात 'घरातली गोष्ट घरात' हे इतकं मुरलेलं असतं, की हा फोन पहिल्यांदा करताना असोसिएटचा हात थरथरतो. मी तेव्हा शेजारी बसते, पण फोन तिलाच करायला लावते.

टेक्सासहून कॅलिफोर्नियाला जाण्याबद्दल. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे असोसिएट असताना जाणं. दोन राज्यांच्या सुपरव्हायजरच्या अटी, फॉर्म, तासांचे प्रकार जुळत नाहीत आणि काही तास गळतातच. जमलं तर टेक्सासमध्ये पूर्ण एलपीसी होऊन, त्यावर दोन वर्षं काढून मग जा. दोन वर्षं सक्रिय, बिनशर्त लायसन्स असलेल्यांसाठी कॅलिफोर्नियाने वेगळा मार्ग ठेवलाय : राज्याचा कायदा, तिथल्या संस्कृती, असे काही छोटे कोर्स आणि कायदा व नीतीची परीक्षा, एवढ्यावर काम होतं. त्याआधी गेलात तर तुमचे कोर्स एकेक करून तपासले जातील. काउन्सेलिंग कॉम्पॅक्टबद्दल, म्हणजे एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करू देणाऱ्या राज्याराज्यांतल्या कराराबद्दल, तुम्ही वाचलं असेल. बरीच राज्यं त्यात सामील झाली आहेत, पण कॅलिफोर्निया त्यात नाही, आणि कॉम्पॅक्टचा लाभ पूर्ण लायसन्सवाल्यांनाच मिळतो. तुमच्या बाबतीत त्यावर काही अवलंबून ठेवू नका.

डॉक्टरेट आता दोन ओळींत. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता असलेला पीएचडी कार्यक्रम बहुधा शिष्यवृत्तीसह मिळतो, पण प्रवेश अतिशय अवघड आणि पाच ते सात वर्षं जातात. सायडीला, म्हणजे संशोधनापेक्षा प्रत्यक्ष कामावर भर असलेल्या डॉक्टरेटला, प्रवेश त्यामानाने सोपा, फी मात्र डोळे पांढरे करणारी. दोन्हींत वर्षभराच्या इंटर्नशिपसाठी देशात कुठेही जायची तयारी लागते. नवऱ्याची नोकरी आधीच घर हलवते आहे, त्यात हे जमेल का ते तुम्हीच बघा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढच्या मेलमध्ये विचाराल : तोवर घरबसल्या ऑनलाइन समुपदेशन करू का? 'कोच' म्हणून? बोर्ड तुम्ही स्वतःला काय म्हणवता त्याच्याइतकंच तुम्ही काय करता ते बघतं. नैराश्याने ग्रासलेल्या बाईबरोबर दर आठवड्याला तासभर बसून पैसे घेतलेत तर पाटीवर 'लाइफ कोच' लिहून काही वाचत नाही, शिवाय ईएडी नसताना पैसे घेणं हा दुसरा घोळ. नियम असा की सेशनच्या वेळी क्लाएंट जिथे बसलेला असतो त्या राज्याचं लायसन्स लागतं. पुण्यात बसून ह्यूस्टनच्या क्लाएंटला व्हिडिओवर घेणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनाही हे सांगावंसं वाटतं. आणि उलटही होतं : माझे क्लाएंट डिसेंबरात चार आठवडे भारतात जातात, तेव्हा सेशन चालू ठेवायचं की नाही याचा विचार तिकीट काढतानाच करावा लागतो.

त्यापेक्षा या काळात दुसरं करण्यासारखं आहे. क्रायसिस लाइनचं स्वयंसेवकांचं प्रशिक्षण घ्या, कौटुंबिक हिंसाचारात अडकलेल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे चौकशी करा. इथल्या मोठ्या शहरांत त्या आहेत, आणि मराठी-हिंदी बोलणारी माणसं त्यांना हवीच असतात. प्रवेशाच्या अर्जात याला किंमत आहे, आणि हे काम आपल्याला झेपतंय का ते तुम्हालाही कळेल. मराठीतून थेरपी हवी असलेले लोक इथे आहेत, वाटतं त्याहून पुष्कळ. त्याची एक बाजू आत्ताच माहीत असलेली बरी : मंडळाच्या गणपतीत आरतीच्या रांगेत तुमच्या पुढे तुमची क्लाएंट उभी असेल, शेजारी तिची सासू, आणि ती सासू तुमच्या ओळखीची असेल. मी पहिल्याच सेशनमध्ये क्लाएंटला विचारून ठेवते की बाहेर भेटलो तर ओळख दाखवायची की नाही. बहुतेक जण म्हणतात, तुम्ही दाखवू नका, मी दाखवली तर बघा. तरीसुद्धा एकाच कुटुंबातल्या दोन जावांनी, एकमेकींना न सांगता, माझ्याकडे वेळ मागितल्याचं घडलंय. दुसरीला 'सध्या जागा नाही' असं सांगून दुसऱ्या थेरपिस्टचं नाव दिलं. खरं कारण सांगणं म्हणजे पहिलीचं नाव फोडणं झालं असतं.

आता करायचं काय, तर विद्यापीठांच्या प्रवेश कार्यालयांना एक मेल लिहा आणि त्यात विचारा : तुमची डिग्री टेक्सास आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे चालते का. कॅलिफोर्नियासाठी कोणता कोर्स कमी पडतो आणि तो तुमच्याकडेच करता येतो का. इंटर्नशिपची जागा विद्यापीठ शोधून देतं की विद्यार्थी. एच-४ वरच्या विद्यार्थिनी याआधी तुमच्याकडे इंटर्नशिप करून गेल्या आहेत का, आणि कशा. माझ्या एमएतली किती क्रेडिट धराल. ज्यांचं उत्तर फोनवर गोड आणि मेलवर गुळमुळीत येईल त्यांना यादीतून काढा. उरलेल्यांची नावं आणि तुमची ट्रान्सक्रिप्ट घेऊन मला पुन्हा विचारा, तेव्हा नेमकं सांगता येईल.